कोरं अर्धं पान

हिऊमा बेटावर तीस वर्षं टपाल वाटलं मी.
सायकलवरून; आणि समुद्र गोठला की
बर्फावरच्या रस्त्याने येणाऱ्या गाडीची वाट बघत.
त्या रस्त्यावर गाडीत पट्टा बांधायचा नसतो,
बर्फ फुटलंच तर उडी मारता यावी म्हणून.
आल्विने कीवसालने यावर एक लेख लिहिला होता, तीन पानी.
त्यात बुडण्याचा उल्लेख एकदाही नाही,
फक्त ड्रायव्हरच्या मांडीवरच्या गरम पावाचा.

तिची पत्रं लांबूनच ओळखू यायची.
पत्ता असा: "ज्या बाईंच्या सशाला पोहता येत नाही त्यांना."
एवढ्यावर ती पोचायची.
मंत्रालयाची पत्रं, पूर्ण पत्त्यासकट,
कधीकधी हरवायची.
मी काही कबूल करत नाही.

सकाळी ती अंगणातच असायची,
नवऱ्याचा जुना स्वेटर, बोटांना शाई नाही, माती.
लेखिका म्हटलं की चिडायची.
"लेखिका दुपारी दोन ते चार. आत्ता बटाटे."
उकडलेले, वर मीठ, वर मूठभर शेपू.
पत्रं घ्यायच्या आधी
बशी हातात कोंबायची माझ्या.

ते पुस्तक बेटावर कुणालाही विचारा.
एक्कावन्न साली निघालं.
शेवटच्या पानावर ससा धावत सुटतो
जुनिपरच्या झुडपांतून, एक कान दुमडलेला,
आणि तो धक्क्यावर पोचला तेव्हा

तेव्हा. पुढे काही नाही.
राजधानीतल्या कुणा साहेबाने
शेवटचा परिच्छेद कापला.
धक्का, बोट, रात्र:
हे शब्द आमच्याकडे एका ओळीत चालत नसत.
खिळे जुळवून झाले होते, कागद मोजून आला होता,
म्हणून अर्धं पान कोरंच छापलं गेलं.

मुलांना काय, कोरा कागद.
त्यांनी चित्रं काढली, पानं फाडून पाठवली.
धक्क्यावर केक. धक्क्यावर अस्वल, टोपीसकट.
एकाने नुसतं धुकं काढलं, अख्खी पेन्सिल संपवून.
ती प्रत्येकाला उत्तर लिहायची
आणि चित्रं पिठाच्या डब्यांत ठेवायची.

देश मोकळा झाला तेव्हा
फेरीबोटीने प्रकाशक आला, नवे बूट घालून.
म्हणाला, आता छापू तो परिच्छेद.
ती म्हणाली, "मला पाठ आहे तो.
पण ती जागा आता माझी नाही.
लोक राहायला आलेत तिथे."
आणि त्यालाही बटाटे दिले.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये ती गेली.
डबे उघडायला मला बोलावलं,
पोरांची अक्षरं वाचता येतात म्हणून.
सातव्या डब्यात, तळाशी,
माझं चित्र.

आठ वर्षांची होते.
आईने बजावलं होतं, नाव घालू नकोस, गाव घालू नकोस.
मी बोट काढली होती.
बोटीत लांब कोट घातलेला माणूस,
ज्याच्याबद्दल चव्वेचाळीसनंतर
आम्ही घरात बोलत नव्हतो.
त्याची खुर्ची तेवढी पुसायचो.

चित्राला टाचलेलं एक पाकीट.
चाळीस कोपेकचं तिकीट, बिनशिक्क्याचं.
पत्त्याच्या जागी काही नाही.
हयातभर दुसऱ्यांची पाकिटं हाताळली,
हे फोडताना मात्र कडेने फाटलं.

"तुझ्या बोटीला वल्ही नाहीत.
घाईत राहिली असतील तर हरकत नाही,
अवघडच असतात, माझीही चमच्यांसारखी येतात.
पण मुद्दाम काढली नसशील,
तर एकदा घरी ये.
बोलायलाच हवं असं नाही.
बटाटे असतात."

गेले होते की.
तीस वर्षं, रविवार सोडून.
शेपू मला आवडत नाही,
हेसुद्धा सांगितलं नाही कधी.